जड स्टिअरिंगचा माग

गाडी गॅरेजात नेऊन 'स्टिअरिंग जड झालंय' एवढंच सांगितलं, तर मिस्त्रीच्या हाती फारसं काही लागत नाही. कधी जड? उभ्या गाडीत, की पळतानाही? दोन्हीकडे, की एकाच बाजूला वळवताना? सारखं जड, की मध्येच अडकतं आणि सुटतं? सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना, की तासभर चालवल्यावर? पावसात डबकं ओलांडल्यावर, की कोरड्या रस्त्यावरही? याची उत्तरं रोज गाडी चालवणाऱ्यालाच ठाऊक असतात, आणि निम्मं निदान त्या उत्तरांत असतं. ती न विचारता थेट रॅकवर बोट ठेवणारा मिस्त्री तुमच्या पैशांनी अंदाज बांधत असतो. रॅक म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांच्या वळण्यात बदलणारी दात्यांची पट्टी; स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतच्या साखळीतला हा सर्वांत महागडा भाग. एसयूव्हीच्या नव्या रॅकचं बिल पाच आकडी होतं, आणि जडपणाचं कारण कित्येकदा त्याच्यापासून हातभर लांब, काही शे रुपयांच्या वस्तूत असतं.

म्हणून या प्रकरणात एकच गोष्ट नीट शिकायची आहे: पाना हातात घेण्याआधी जडपणा नेमका कुठे बसलाय ते शोधणं. त्याला लागतं ते एक जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे स्टँड) आणि थोडा धीर.

आधी भाराचा हिशेब करू. सात आसनांच्या मध्यम एसयूव्हीचं वजन साधारण १८०० ते २००० किलो. त्यातलं निम्मं किंवा थोडं अधिक पुढच्या दोन चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकावर अंदाजे ५०० किलो. हे चाक रस्त्याला टेकतं ते तळहाताहून थोड्या मोठ्या तुकड्यावर. गाडी पुढे सरकत असेल तर टायर फिरता फिरता वळतो. गाडी उभी असेल, तर तेच रबर डांबरावर जागच्या जागी घासत वळवावं लागतं. भरलेली धान्याची कोठी जमिनीवरून न उचलता फिरवून पाहा, म्हणजे किती जोर लागतो ते कळेल. पार्किंगमध्ये स्टिअरिंगला सर्वाधिक ताकद लागते ती यामुळे, आणि पॉवर स्टिअरिंग आजारी पडलं की पहिली चाहूलही तिथेच लागते.

त्यामुळे तपासाची सुरुवात बॉनेट उघडून नव्हे, टायरपासून करायची. पुढच्या टायरांत हवा कमी असेल तर रस्त्याला टेकणारा तुकडा मोठा होतो आणि स्टिअरिंग लगेच जड लागतं. चालकाच्या दाराच्या खांबावर हवेचा आकडा छापलेला असतो, बहुतेक एसयूव्हींत ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास. टायर थंड असताना हवा मोजा. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा रुंद टायर हौसेने बसवले असतील, तर उभ्या गाडीतला थोडा जडपणा त्यांचाच आहे. तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मागच्या महिन्यात खड्ड्यात चाक जोरात आपटलं असेल आणि तेव्हापासून स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नसेल, तर अलाइनमेंटच्या तपासणीत कॅस्टरचा कोनही, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल, बघायला सांगा. पुष्कळ ठिकाणी फक्त टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर रोख, जुळवून गाडी परत देतात.

हवा ठीक असेल तर पुढचा प्रश्न: तुमच्या गाडीला मदत करतंय कोण, तेल की वीज?

तेलाची मदत जुनी. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकी अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीत ट्रकच्या विभागात काम करत होता. अवजड ट्रक वळवताना चालकांचे होणारे हाल तो रोज पाहत असे. नोकरी सोडून त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी स्वतःचं काम सुरू केलं आणि १९२६ साली पिअर्स-ॲरोच्याच एका मोटारीला तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग बसवून दाखवलं. जनरल मोटर्सने त्यात रस घेतला, पण मंदीच्या काळात खर्च परवडेना म्हणून १९३४ मध्ये हात काढून घेतला. पुढे दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना या मदतीची गरज पडली, आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमधून. प्रयोग यशस्वी झाल्यापासून पाव शतकाने. आपल्याकडे सुमो (१९९४), सफारी (१९९८), बोलेरो (२०००) आणि स्कॉर्पिओ (२००२) यांनी मोठी गाडी घराघरांत नेली, आणि पॉवर स्टिअरिंग ही श्रीमंतीची नव्हे, गरजेची गोष्ट आहे हे लोकांना पटत गेलं.

विजेची मदत नंतरची. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या मोटारीत ती पहिल्यांदा आली. आता बहुतेक नव्या एसयूव्हींत विजेची मोटरच असते. गाडीच्या नावावरून मात्र ओळखता येत नाही: हॅरियर २०१९ मध्ये आली तेव्हा तिचं स्टिअरिंग तेलावर होतं, २०२३ च्या नव्या रूपात ते विजेवर गेलं. बॉनेट उघडा. झाकणावर स्टिअरिंगचं चित्र असलेली तेलाची छोटी टाकी दिसली तर गाडी तेलावरची. नसेल तर बहुधा विजेवरची, आणि तिच्यात पॉवर स्टिअरिंग ऑइल शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य चाचणी. गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा ठोकळे लावा. पुढचा भाग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना घोड्या लावा, म्हणजे दोन्ही चाकं अधांतरी राहतील. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालायचा नाही. इंजिन बंद ठेवून, किल्लीने स्टिअरिंगचं लॉक सोडवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. तेलावरच्या गाडीत आतलं तेल ढकललं जात असल्यामुळे थोडा मऊ विरोध जाणवेल, तो असायचाच.

चाकं हवेत असताना स्टिअरिंग गुळगुळीत फिरलं आणि जमिनीवर इंजिन चालू असूनही जड लागलं, तर सांधे बहुधा निर्दोष आहेत. मदत कमी पडतेय. हवेत असतानाही ते जड लागलं, अडकलं किंवा ठरावीक जागी घट्ट झालं, तर पंप आणि तेल बाजूला ठेवा; काहीतरी गंजलंय, सुकलंय किंवा वाजवीपेक्षा जास्त आवळलं गेलंय. दहा मिनिटांच्या या चाचणीने निम्म्या गाडीवरचा संशय मिटतो. ती न करता भाग बदलत सुटणं मला कामाची हेळसांड वाटते.

मदत कमी पडत असेल, तर तेलावरच्या गाडीत पहिली नजर टाकीवर. टाकीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. पातळी त्यानुसार बघायची. हे तेल इंजिनमध्ये जळत नाही, बंद चक्रात फिरत राहतं. म्हणजे पातळी खाली गेली असेल तर गळती आहेच, आज दिसो वा न दिसो. पंपाकडून निघणाऱ्या जाड होजचे सांधे, पंपाच्या दांड्यामागचं ऑइल सील आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट या तीन जागा पाहा. बूट हाताने दाबून पाहिला आणि आत तेल डुचमळलं, तर रॅकच्या टोकाचं सील गेलंय. वरून तेल ओतत राहणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

तेलाचा रंग पाहण्यासाठी पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. नवं तेल बहुतेक गाड्यांत लाल असतं, काहींत हिरवं किंवा पिवळसर. काळपट, करपट वासाचं तेल म्हणजे रबर आणि धातूची झीज त्यात मिसळलेली. तेल बदलताना झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत जो दर्जा लिहिला आहे तोच वापरा. लाल आणि हिरवी तेलं एकमेकांत मिसळू नका. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल तर चुकूनही टाकू नका. या यंत्रणेतली सीलं त्याने फुगतात, मऊ पडतात आणि मग खरोखरच पंप, होज, रॅक असं सगळं उघडावं लागतं. टाकीच्या तळाला बारीक जाळी असते. ती गाळाने भरली की पंपाला पुरेसं तेल ओढता येत नाही आणि तो कण्हल्यासारखा आवाज करू लागतो. अशा वेळी पंप बदलण्याआधी टाकी धुऊन पाहायला हवी. ती साफ न करता नवा पंप बसवला, तर त्याचीही तीच गत होते.

तेलात फेस दिसला तर आत हवा शिरली आहे. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. म्हणून स्टिअरिंग कधी हलकं, कधी जड असं बदलत राहतं. पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना, स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश पुष्कळदा फिरवायचं, मधेमधे टाकीत तेल घालायचं आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करायचं. ही हवा घाईने निघत नाही.

मग बेल्ट. अनेक डिझेल गाड्यांत एकच लांब बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप फिरवतो. तो ढिला किंवा गुळगुळीत झाला असेल, तर स्टिअरिंग पूर्ण वळवताच किंचाळतो. डबक्यातून गाडी गेल्यावर मिनिटभर स्टिअरिंग जड आणि नंतर ठीक, ही पावसाळी तक्रार जवळजवळ नेहमी बेल्टची. आणि धावत्या गाडीत एकदम स्टिअरिंग जड होऊन त्याच क्षणी बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बेल्ट तुटला किंवा निसटला असं समजा. काही इंजिनांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, म्हणून तापमानाच्या काट्याकडे बघत लवकरात लवकर बाजूला थांबा.

तेल, जाळी, बेल्ट हे सगळं चांगलं निघालं की संशय पंप आणि रॅक या दोघांवर उरतो. त्यातला दोषी ओळखायला थोडा विचार पुरतो. पंप एकच असतो आणि दोन्ही बाजूंना तोच दाब पुरवतो. स्टिअरिंग उजवीकडे हलकं आणि डावीकडे जड असेल, तर पंप कसा दोषी असेल? तिथे रॅकमधला व्हॉल्व्ह किंवा आतलं सील पाहायला हवं. उलट, आयडलवर दोन्हीकडे जड आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबताच हलकं, अशी खूण पंप झिजल्याची. सकाळी थंड गाडीत जड आणि इंजिन तापल्यावर हलकं, हे व्हॉल्व्हभोवतीच्या कड्यांच्या झिजेचं लक्षण असू शकतं. १९८० च्या दशकातल्या अनेक अमेरिकी मोटारींत हा दोष फार गाजला होता, कारण त्या कड्यांनी ॲल्युमिनियमच्या घरात खाचा पाडल्या होत्या.

खात्रीच करायची तर दाबाचं गेज लावावं. पंप आणि रॅक यांच्यामध्ये गेज आणि बंद करायची तोटी जोडतात. इंजिन आयडलवर ठेवून तोटी जेमतेम पाच सेकंद बंद करायची आणि आकडा वाचायचा. अनेक गाड्यांत तो ८० ते १०० बारच्या आसपास जातो. टायरमधली हवा सव्वादोन बारची असते, त्यावरून या दाबाचा अंदाज यावा. नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. तोटी बंद असताना दाब तिथवर पोचला तर पंप चांगला. तोटी उघडून स्टिअरिंग टोकाला नेल्यावर तेवढा दाब येत नसेल, तर तेल रॅकच्या आतून निसटतंय. गेज लावायला थोडा वेळ लागतो, म्हणून छोट्या गॅरेजांत ही चाचणी क्वचित होते. पण रॅक आणि पंप यांच्या किमती पाहता तिच्याशिवाय निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरी वाट: चाकं हवेत असूनही जड. इथे साखळीचे तुकडे एकेक करून सोडवत जायचं. आधी दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, चाकाकडच्या बाजूने सोडवा आणि चाक हाताने डावी-उजवीकडे फिरवून पाहा. चाकच घट्ट फिरत असेल, तर बॉल जॉइंट सुकलाय किंवा गंजलाय. त्याचा रबरी बूट फाटला की ग्रीस बाहेर जातं आणि चिखल आत येतो. जुन्या गाड्यांत ग्रीसचं निपल असायचं, पंप मारला की काम भागे. आजचे बहुतेक जॉइंट बंदिस्त असतात आणि बदलावेच लागतात. पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या एसयूव्हीत स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंगही तपासा. एकाने स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने स्प्रिंगवर अलगद बोट ठेवायचं. स्प्रिंग पिळली जाऊन 'कट्' करून सुटत असेल, तर बेअरिंग जाम आहे. दोन विशबोनच्या रचनेत स्ट्रट चाकाबरोबर फिरत नाही, म्हणून तिथे ही शंका घेण्याचं कारण नाही.

चाकं मोकळी फिरली, पण टाय रॉड सोडूनही स्टिअरिंग जडच राहिलं, तर दोष रॅकमध्ये किंवा त्याच्या वर. इथे एका भागाकडे फार दुर्लक्ष होतं: स्टिअरिंगच्या दांड्याचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. स्टिअरिंगचा दांडा रॅकपर्यंत सरळ जात नाही, वाकून जातो, आणि त्या वाकणावर हा छोटा सांधा असतो. एकीकडे इंजिनची उष्णता, दुसरीकडे चाकाने उडवलेलं पाणी. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा त्याला विशेष जाचते. त्याच्या सुयांसारख्या बारीक बेअरिंगमध्ये गंज शिरला की खूण स्पष्ट असते: स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेरीत दोनदा घट्ट आणि दोनदा सैल. हा ताल पंपाच्या किंवा रॅकच्या बिघाडात सापडत नाही. संशय असेल तर क्रॉसवर गंज सोडवणारा स्प्रे मारून स्टिअरिंग फिरवत राहा. दोन-चार दिवस ते हलकं झालं, तर दोषी सापडला. पण स्प्रे हा इलाज नव्हे. नवा क्रॉस किंवा त्यासकट येणारा दांड्याचा तुकडा बसवायला हवा. तो सोडवण्याआधी जुन्या जागेची खूण करून ठेवा आणि स्टिअरिंग बांधून ठेवा. ते मोकळं गरगर फिरलं तर एअरबॅगकडे जाणारी गुंडाळलेली केबल तुटते.

जडपणा माणसाच्या हातूनही येतो. स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला म्हणून रॅकमागचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला जातो. खडखड थांबते, पण दात दातांवर दाबले जातात आणि वळणानंतर स्टिअरिंग परत यायचं थांबतं. प्ले खरं तर पुष्कळदा टाय रॉड एंडचा किंवा क्रॉसचा असतो. कामानंतर लगेच जडपणा सुरू झाला असेल, तर आधी ते काम तपासा.

विजेवरच्या गाडीत चाकं, बॉल जॉइंट, क्रॉस यांची चाचणी हीच. मदतीचा भाग मात्र वेगळा. डॅशबोर्डवर उद्गारचिन्हासह स्टिअरिंगचं चित्र पेटलं, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय काही उघडू नका. त्याआधी बॅटरीचं व्होल्टेज, तिची टर्मिनलं आणि अर्थिंगची पट्टी पाहा. ही मोटर पार्किंगमध्ये मोठा करंट ओढते आणि थकलेली बॅटरी तो देऊ शकत नाही. अरुंद जागेत गाडी वारंवार पुढे-मागे केल्यावर स्टिअरिंग हळूहळू जड झालं आणि थोड्या विश्रांतीने पूर्ववत झालं, तर मोटर तापल्यामुळे यंत्रणेने स्वतःहून मदत कमी केली होती. तो बिघाड नव्हे.

एक सवय मात्र दोन्ही प्रकारांत सोडायला हवी: स्टिअरिंग टोकाला नेऊन तिथेच दाबून धरणं. तेलावरच्या गाडीत तेव्हा पंप पूर्ण दाबाने चालतो, तेल सेकंदा-सेकंदाला तापतं आणि सीलं लवकर म्हातारी होतात. टोकापर्यंत जा, आणि किंचित मागे या.

मदत गेली तरी स्टिअरिंग आणि चाकं यांचा लोखंडी दुवा तुटत नाही. गाडी वळते, पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. हे माहीत नसलेला चालक घाबरतो आणि स्टिअरिंग अडकलं असं समजतो. वेग कमी करा, धोक्याचे चारही दिवे लावा, बाजूला घ्या. घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारे लोक आजही आहेत. अशा वेळी तेलाची मदत तत्काळ जाते, ब्रेकच्या बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन दाबांत संपतो, आणि किल्ली काढली गेली तर स्टिअरिंगच लॉक होऊ शकतं. आंबोलीच्या किंवा ताम्हिणीच्या वळणावर हे तिन्ही एकदम घडलं तर काही हातात राहत नाही. इंजिन चालू ठेवून, खालच्या गिअरमध्येच घाट उतरा.

आणि गॅरेजात 'रॅक गेलाय' असं कोणी सांगितलं, तर होकार देण्याआधी दोन गोष्टी मागा: पुढची चाकं उचलून स्टिअरिंग माझ्या हातांनी फिरवू द्या म्हणावं, आणि गाडी तेलावरची असेल तर दाबाच्या गेजवरचा आकडा दाखवा म्हणावं. ज्याचं निदान पक्कं आहे, तो दोन्ही आनंदाने दाखवील. जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडून गाडी परत घ्या.